टार्गेट रायफलसाठी चांगलं हवामान नेमकं कोणतं धरायचं?

नवा_नेम

५० मीटर, .२२ रायफल, प्रोन (पालथं पडून), डायऑप्टर साइट (बारीक भोकातून नेम धरायची). सरावाचे दिवस हवामानाचा अंदाज पाहून ठरवायचे आहेत. सगळीकडे एकच उत्तर मिळतं: वारा नको, लख्ख ऊन हवं, हवा गार हवी. टार्गेटं मात्र वेगळंच सांगतात. झेंडा हलत नाही अशा उन्हाच्या दुपारी ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचा झुबका) पसरतो आणि मळभ असलेल्या, थोडा वारा असलेल्या सकाळी तोच ग्रुप आवळलेला दिसतो. रायफल तीच, काडतुसांचा लॉट (एका खेपेत बनलेला माल) तोच. असं का होतं? वारा, उजेड, तापमान, दमटपणा यातलं नक्की काय आधी पाहायचं? पुढे ३०० मीटरकडे जायचा विचार आहे, तेव्हा तिथे काय बदलतं तेही सांगा.

वातकुक्कुट

तुमची टार्गेटं खरं सांगताहेत. वारा असण्यानं फारसं बिघडत नाही, तो दोन शॉटच्या मधे बदलला की बिघडतं.

आधी आकडे बघू. .२२ ची मॅच गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. ती साधारण ३२५ मी/से वेगानं सुटते. हवा नसतीच तर ५० मीटर तिनं ०.१५४ सेकंदात कापले असते. हवेत तिला ०.१५९ च्या आसपास लागतात. हा जो ५ सहस्रांश सेकंदाचा उशीर आहे, त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगानं गुणा. झाली सरक. १ मी/से आडवा वारा म्हणजे ५ मिमी.

आता टार्गेट. दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं, आणि गोळीची कड टेकली तरी गुण मिळतो. म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा. दशांश गुणांत दर ०.८ मिमीला ०.१ जातो. म्हणजे अगदी केंद्रात (१०.९) बसला असता तो शॉट १ मी/से वाऱ्यात १०.३ च्या आसपास जातो आणि २ मी/से वाऱ्यात थेट नऊमध्ये. १ मी/से वारा गालाला धड जाणवतही नाही, उदबत्तीचा धूर तेवढा वाकतो.

जाता जाता: उशिराचा हा हिशेब कळला की ‘वेगवान गोळी वाऱ्यात कमी सरकते’ हा समज गळून पडतो. ध्वनीच्या वेगापेक्षा जोरात सुटणारी .२२ त्या टप्प्यात हवेचा विरोध जास्त खाते, तिचा उशीर वाढतो आणि ती मॅच गोळीपेक्षा जास्त सरकते. मॅचच्या काडतुसांचा वेग मुद्दाम ध्वनीच्या खाली ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

आता तुमच्या ‘वारा नसलेल्या’ दुपारचं. ५० मीटर रेंजवरचे नियमाप्रमाणेचे झेंडे ५ सेंमी × ४० सेंमीचे, साधारण १५० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या सुती कापडाचे असतात. इतकं कापड उचलायला वाऱ्यात थोडा जोर लागतो. अगदी मंद हवेत झेंडा लोंबतच राहतो. त्यामुळे लोंबता झेंडा पाहून वारा शून्य आहे असं म्हणता येत नाही. तो डावीकडून अर्धा मीटर आहे की उजवीकडून अर्धा, एवढंच आपल्याला दिसत नाही. दोन्ही बाजूंचा मिळून ५ मिमी फरक होतो आणि तो न दिसता होतो. उलट २ मी/से चा सरळ आडवा वारा झेंडा उचलून धरतो, कोन दिसतो, कोन बदलला की बदल दिसतो. डोळ्यांना दिसणाऱ्या वाऱ्याला तोंड देता येतं.

दुसरी गोष्ट दिशेची. घड्याळाच्या तबकड्यावर टार्गेट १२ वाजता धरा. ३ किंवा ९ वाजताचा वारा पूर्ण आडवा. १२ किंवा ६ चा वारा आडवा काहीच नाही, म्हणून नवखे त्याला ‘चांगला’ म्हणतात. हिशेब करून बघा:

४ मी/से वारा बरोबर समोरून, आणि दिशा दोन्हीकडे २० अंशांनी डुलते आहे. आडवा भाग प्रत्येक बाजूला १.३७ मी/से, म्हणजे ७ मिमी डावीकडे, ७ मिमी उजवीकडे. एकूण झोका १४ मिमी.

तोच ४ मी/से वारा बरोबर ३ वाजता, तेवढाच २० अंश डुलणारा. आडवा भाग ४ वरून ३.७६ वर येतो. फरक १ मिमीच्या थोडा वर. साइट एकदा बसवली की दिशेच्या डुलण्यानं काही होत नाही, फक्त वेगाकडे लक्ष ठेवायचं.

म्हणून समोरून किंवा पाठीमागून येणारा, माशाच्या शेपटीसारखा हलणारा वारा सगळ्यांत वाईट. त्याहून वाईट फक्त भिंती आणि बांध असलेल्या रेंजवर पाठीमागून आलेला, बांधावर आपटून उलटा फिरणारा. तिथे पहिला झेंडा एकीकडे, दुसरा दुसरीकडे.

मग कुठल्या झेंड्यावर विश्वास ठेवायचा? ५० मीटरवर जवळच्या. सुरुवातीला गोळीला मिळालेला तिरपेपणा पुढचं सगळं अंतर तिच्यासोबत राहतो. वारा सगळीकडे सारखा असेल तर एकूण सरकेतला साधारण पाऊण भाग पहिल्या २५ मीटरमधल्या वाऱ्याचा असतो. झेंडे १० आणि ३० मीटरवर असतात, त्यातला १० चा आधी बघा. टार्गेटजवळ काहीतरी फडफडतंय म्हणून तिकडे बघत बसू नका.

उभ्या सरकेबद्दलही लक्षात ठेवा. नळीचे आटे (आतल्या पिळदार खाचा) उजवे असतील (बहुतेकांचे असतात) तर डावीकडचा वारा गोळी उजवीकडे *आणि खाली* नेतो, उजवीकडचा वारा डावीकडे *आणि वर*. वाऱ्यातला ग्रुप म्हणून टार्गेटवर घड्याळातल्या १० च्या बाजूपासून ४ च्या बाजूपर्यंत तिरका पसरतो. उभी सरक आडवीच्या निम्म्याहून बहुधा कमीच असते, नेमकी किती ते आपल्या रायफलीवर मोजायचं. हे ठाऊक नसलं की माणूस वर गेलेल्या शॉटसाठी श्वासाला, खांद्याला, स्लिंगला (रायफलीच्या पट्ट्याला) दोष देत बसतो.

तेव्हा वाऱ्यापुरतं माझं उत्तर: १ ते २.५ मी/से, ३ किंवा ९ च्या आसपासचा, एकसारखा. पूर्ण निवांत हवा दुसऱ्या क्रमांकावर.

डायऑप्टर

वाऱ्याचं वर आलं आहे. उजेडाचं मी लिहितो, कारण लख्ख उन्हात ग्रुप पसरण्यात निम्मा वाटा त्याचाही असतो.

सगळ्यांत चांगला उजेड म्हणजे उंचावरचं, पातळ, सलग मळभ. सावल्या नाहीत, टार्गेटवर एकसारखा पांढरा, फ्रंट साइटच्या नळकांड्यात चमक नाही. त्यानंतर सलग स्वच्छ ऊन, पाठीमागून. रेंज बांधताना दिवसातला जास्तीत जास्त वेळ सूर्य नेमबाजाच्या पाठीशी राहील अशीच दिशा धरतात. शेवटचा क्रमांक ऊन-सावलीच्या खेळाचा. तुकड्या-तुकड्यांचे ढग असले की दर दोन-तीन मिनिटांनी उजेड बदलतो आणि वाराही बदलतो, कारण ढगाची सावली जमिनीवरून सरकते तशी जमिनीची ऊब आणि वर उठणारी हवा कमीजास्त होते. दोन्ही एकदम बदलले की शॉट कशामुळे गेला ते कळायला मार्ग उरत नाही.

उजेड बदलल्यावर डोळ्यांपुढे काय होतं ते बघू. ५० मीटर टार्गेटचा काळा भाग ११२.४ मिमी. पांढरं फार उजळलं की ते काळ्यावर पसरल्यासारखं दिसतं, काळा गोळा लहान भासतो, रिंगमधली (फ्रंट साइटमधल्या कड्याच्या आतली) पांढरी फट रुंद वाटते. उजेड पडला की उलट: फट बारीक होते, काळ्याची कड रिंगेत मिसळते, आणि मग डोळा ताणून ताणून शॉट उशिरा सुटतो.

काय करायचं:

आयरिस (मागच्या साइटचं लहानमोठं करता येणारं भोक) आधी. साधारण १.० ते १.२ मिमी हे कामाचं भोक. उन्हात १.० कडे, मळभात १.२ ते १.४ कडे. ०.८ च्या खाली गेलात तर सगळं टोकदार दिसेलसं वाटतं, पण चित्र काळवंडतं आणि कडा धुरकट होतात. आपल्याला हवा तो उजेड डोळ्यापर्यंत सारखाच पोहोचायला हवा, बाहेर काहीही असो.

मग रिंग. ३.४ मिमीवर आरामात असाल आणि मळभ दाटलं तर ३.६ किंवा ३.८ लावा. रिंग मोठी करायला घाबरू नका. बारीक फट ठेवून जिंकल्यासारखं वाटतं, पण थकलेल्या डोळ्याला ती पुरत नाही.

मग फिल्टर. पिवळा धुरकट सकाळी फरक वाढवतो, करडा किंवा पोलरायझर झगमगाटात. तिन्ही गोष्टी एकदम बदलू नका. आयरिस फिरवल्यावर भोक मध्यापासून किंचित सरकणाऱ्या साइट असतात, त्यामुळे साइटर (मॅचआधीचे चाचणीचे शॉट) संपण्याआधीच फिरवून, दोन-तीन शॉट मारून खात्री करा.

‘उजेड वाढला की साइट वर, उजेड पडला की खाली’ अशी जुनी म्हण नेमबाजांत चालते. ती उघड्या पात्याच्या साइटच्या काळातली. गोल रिंग आणि गोल बुल (टार्गेटचा काळा गोळा) असताना वरच्या उजेडाचा परिणाम खूप कमी होतो. राहतो तो बाजूच्या उन्हाचा. साइटच्या नळकांड्याच्या आत एका बाजूला तिरीप पडली की रिंग एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक दिसते आणि माणूस नकळत मध्य सरकवतो. किती आणि कुठे, हे प्रत्येकाच्या डोळ्याचं वेगळं. उपाय साधा: फ्रंट साइटवर सावलीची नळी, डोक्यावर पुढे आलेली टोपी, साइट काळी मळकट ठेवणं. घासून चकचकीत झालेली साइट उन्हात घात करते.

आता झळा, म्हणजे मिराज. ५० मीटर टार्गेटचा मध्य जमिनीच्या पातळीपासून फक्त ०.७५ मीटर असतो आणि प्रोनमध्ये डोळा त्याहूनही खाली. म्हणजे नजरेची सगळी रेघ तापलेल्या जमिनीला लागून जाते. उन्हात वारा पडला की झळा सरळ वर उकळतात, बुल थरथरतं, कड दिसत नाही. तुमच्या ‘शांत’ दुपारचं हेच झालं असणार. थोडा वारा असता तर झळा आडव्या वाहिल्या असत्या आणि त्यांच्यावरून वारा वाचताही आला असता.

वाचायची रीत: स्पॉटिंग स्कोप टार्गेटवर नीट लावा, मग फोकस थोडा मागे ओढा, म्हणजे निम्म्या ते दोन तृतीयांश अंतरावर. टार्गेट किंचित अस्पष्ट, झळा स्पष्ट. सावकाश लाटा म्हणजे १ मी/से च्या आसपास. लाटा चपट्या होऊन पळायला लागल्या की ३-४. त्याहून जोराच्या वाऱ्यात त्या पुसल्याच जातात, मग झेंडेच. सरळ वर उकळणाऱ्या झळा म्हणजे आडवा वारा शून्य. पण ही स्थिती दिशा पालटण्याच्या मधल्या क्षणीही येते, म्हणून उकळत असताना शॉट सोडू नका. कुठल्या बाजूला वाहायला लागतात ते बघा आणि मग सोडा.

नवा_नेम

हे फारच कामाचं. दोन शंका. दमट हवा जड असते, त्यात गोळी खाली जाते असं ऐकलं आहे, खरं का? आणि वातकुक्कुट, वारा बदलला की क्लिक द्यायचे (साइट टप्प्याटप्प्यानं फिरवायची), थांबायचं, की नेम बाजूला धरायचा?

लांबपल्ला

दमट हवेचं आधी निकालात काढतो. ती जड नसते, हलकी असते. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतल्या सरासरी रेणूपेक्षा हलका: १८ विरुद्ध २९. पण फरक किती? ३० अंश सेल्सिअसला अगदी कोरडी हवा आणि पूर्ण दमट हवा यांच्या घनतेत जेमतेम दीड टक्का. तेवढाच फरक तापमान ५ अंशांनी बदललं तर पडतो. ५० मीटरवर दोन्ही विसरा. दमटपणाचा त्रास होतो तो अंगाला आणि सामानाला: कातडी स्लिंग ताणतो, घामानं जॅकेट मऊ पडतं आणि कोपराखाली सरकतं, काच धुरकटते, लाकडी कुंदा पाणी धरतो आणि बेडिंगचा (रायफल कुंद्यात बसते त्या जागेचा) ताण बदलतो. ॲल्युमिनियमच्या कुंद्याला तेवढं एक दुखणं कमी.

तापमान मात्र गंभीरपणे घ्यायला हवं, आणि ते हवेपेक्षा काडतुसाचं. ५० मीटर जाताना .२२ ची गोळी नळीच्या रेघेपासून सुमारे १२ सेंमी पडते. वेग १ टक्क्यानं, म्हणजे सव्वातीन मी/से नं बदलला तर आघात अडीच मिमी वर-खाली होतो. दशांश गुणांत तीन दशांश. काडतुसांचा अर्धा डबा उन्हात आणि अर्धा सावलीत ठेवणारे नेमबाज हे तीन दशांश स्वतःच्या हातानं देतात. डबा झाकून, सावलीत, मॅटच्या कडेला. एवढंच.

गारठ्यात .२२ चं वेगळं. शिशाच्या गोळीवरचं मेण कडक होतं, नळीतला घर्षणाचा हिशेब बदलतो, वेग उतरतो आणि शॉटागणिक वेगातला फरक वाढतो. बायथलॉनसाठी थंडीत चालणारी वेगळी काडतुसं बनतात ती यासाठीच. बोल्टमध्ये जाड तेल असेल तर फायरिंग पिन सुस्तावते, रिमवर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर) ठोका हलका बसतो, उभा पसारा दिसतो किंवा काडतूस फुटतच नाही. थंडीआधी बोल्ट पुसून कोरडा किंवा अगदी पातळ तेलाचा.

३०० मीटर आणि पुढे. .३०८ ची १५५ ग्रेन गोळी धरा, ९०० मी/से. १ मी/से आडव्या वाऱ्यात ३०० मीटरवर सरक सुमारे ४ सेंमी. टार्गेटवरचं दहा १० सेंमी व्यासाचं, म्हणजे गणित ५० मीटरसारखंच चालतं. १००० यार्डांवर तोच १ मी/से अर्धा मीटर, कोनात जवळपास दोन मिनिटं. तिथे हवेची घनता, समोरचा वारा, तापमान सगळंच साइटवर मांडावं लागतं. वेगात १ टक्का फरक पडला तर १००० यार्डांवर उंचीत वीसेक सेंमी जातात. तापमानाला हळव्या पावडरीत दर अंश सेल्सिअसला अर्धा मी/से वेग बदलू शकतो. सकाळी १२ अंशाला केलेला झीरो (साइटची मूळ बसवण) दुपारी ३० ला बघा, ९ मी/से झालेच.

यातून एक अडचण निघते, आणि इथे ‘वारा परत येईपर्यंत थांबा’ म्हणणाऱ्या मंडळींशी माझं थोडं वाकडं आहे. फुलबोअरमध्ये (.३०८ सारख्या मोठ्या काडतुसांच्या रायफलीत) दहा-पंधरा शॉटनंतर चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) तापलेलं असतं. काडतूस आत घालून मिनिटभर वाऱ्याची वाट बघितली की पावडर गरम होते आणि तो शॉट वर जातो. मग तो वाऱ्याच्या नावावर लिहिला जातो. थांबायचं असेल तर बोल्ट उघडा, चेंबर रिकामं. वारा हवा तसा येताना दिसला की मग भरा.

पाऊस: थेंबानं गोळी वळण्याची काळजी करू नका. पावसाचा फायदाही आहे, झळा मरतात. तोटे वेगळे. भिजलेला झेंडा जड होतो आणि वारा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. दांड्यावरच्या लांब झेंड्यासाठी जो ठोकताळा वापरतात (झेंडा आणि दांडा यांच्यातला कोन अंशांत घ्या, ९ नं भागा, मी/से मिळतात), तो कोरड्या कापडाचा आहे, ओल्या झेंड्याला लावू नका. आणि सेंटरफायरचं (बुडाच्या मधोमध ठोका बसणारं) काडतूस किंवा चेंबर ओलं होऊ देऊ नका. काडतुसाचं ओलं कवच चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही, सगळा दाब बोल्टवर येतो. शॉट भलतीकडे जाणं हा त्यातला किरकोळ परिणाम. प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) फुटणं, बोल्ट जाम होणं हे गंभीर. कोरडं फडकं खिशात, प्रत्येक काडतूस पुसून, चेंबरमध्ये पाण्याचा थेंब नाही याची खात्री.

वातकुक्कुट

लांबपल्ला, मान्य. उघडा बोल्ट हा .२२ लाही चांगलाच, तापलेल्या चेंबरमध्ये मेण मऊ पडतं. पण थांबण्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणून त्याचं गणित सांगतो.

प्रोनला ६० शॉट, ५० मिनिटं. शॉटमागे ५० सेकंद. सुरळीत लयीत नेमबाज ३० ते ३५ सेकंदांत एक शॉट सोडतो. म्हणजे १५ मिनिटांहून जास्त वेळ वाट बघण्यासाठी गाठीला असतो. तो सुरुवातीला उधळू नका. वारा चांगला असताना भराभर मारा, बिघडला की थांबा.

क्रम असा. साइटरच्या वेळेत झेंड्यांचं जे चित्र पुन्हा पुन्हा येतंय ते एक निवडा. जोराचं असलं तरी चालेल, वारंवार येणारं हवं. त्या चित्रात पाच शॉट, साइट मध्यावर. मग मुद्दाम दुसऱ्या चित्रात तीन-चार शॉट मारा आणि ते कुठे पडतात ते लिहा. आता वारा मुख्य चित्रातून दुसऱ्यात गेला तर किती क्लिक, हे हातात आहे. मॅचचे शॉट सुरू झाले की प्रोनमध्ये साइटरवर परतता येत नाही, म्हणून हे आधीच उरकायचं.

क्लिक द्यायचे ते वारा नव्या जागी *बसल्यावर*. दोन-तीन मिनिटं तसाच राहिला तर. झुळकेमागे क्लिक देत सुटलात की वारा परत फिरलेला असतो आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला दुप्पट चुकता. साइटनुसार एक क्लिक ५० मीटरवर २ ते ४ मिमी. छापील आकड्यावर न जाता १० क्लिक देऊन टार्गेटवर मोजा, उलटे १० देऊन मूळ जागी येतो का तेही बघा.

नेम बाजूला धरणं डायऑप्टरवर अवघड. रिंगमधली फट किंचित असमान ठेवून ३-४ मिमी मिळवणारे आहेत, पण डोळा गोलात गोल आपोआप मध्यावर आणतो. नव्यानं त्या वाटेला जाऊ नये.

आणि झेंडा पडला तर? वारा असताना साइट बसवलेली आहे, अचानक सगळे झेंडे लोंबले, तो मोह सगळ्यांत महाग पडतो. सगळं शांत दिसतं म्हणून बोट आपसूक दाबतं. साइट मात्र अजून वाऱ्याचीच आहे.

रेंजची_शिट्टी

तीन गोष्टी राहिल्या.

वीज. चमक दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर रेंज बंद. चेंबर रिकामं, बोल्ट उघडा, सेफ्टी फ्लॅग आत, आणि माणसं पक्क्या छपराखाली. फायरिंग पॉइंटचं पत्र्याचं शेड म्हणजे पक्कं छप्पर नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं होईपर्यंत परत यायचं नाही. ‘दोनच शॉट राहिलेत’ ही सबब चालत नाही.

धुकं. झेंडे दिसत नसतील किंवा टार्गेटमागचा बांध दिसत नसेल तर फायर नाही. बुल दिसतंय एवढं पुरत नाही.

उकाडा. कॅनव्हास-कातड्याचं जॅकेट घालून ३५ अंशात पडून राहिलं की नाडीचे ठोके वाढतात आणि ते रिंगमध्ये दिसतात. पोझिशन बदलताना जॅकेट उघडा, पाणी घोट-घोट. डोकं हलकं वाटलं तर रायफल खाली ठेवून हात वर करा.

डायऑप्टर

गार खोलीतून दमट हवेत रायफल आणली तर तिची पेटी लगेच उघडू नका. बंद पेटीत २०-३० मिनिटं राहू द्या, दव पेटीच्या बाहेरच्या अंगाला धरेल. उघडलीत की तेच पाणी फिल्टरवर, आयरिसच्या पात्यांत आणि नळीत. काच पुसता येते, पात्यांत शिरलेलं पाणी नाही.

नवा_नेम

म्हणजे अंदाज बघताना मळभ, १५ ते २२ अंश, आडवा एकसारखा मंद वारा हे निवडायचं. मग बाकीच्या दिवशी जायचंच नाही का? आणि काडतुसांचे लॉट तपासायचे ते कधी?

लांबपल्ला

लॉट तपासणी पूर्ण निवांत हवेतच. शक्यतो बंदिस्त रेंजवर, नाहीतर पहाटे जमीन तापायच्या आत. ऊन चढलं की वरची वेगवान हवा खाली मिसळायला लागते आणि वारा सुटतो, झुळका येतात. संध्याकाळी तो परत पडतो. प्रत्येक लॉटचे १०-१० शॉटचे निदान चार ग्रुप, आळीपाळीनं. एका लॉटचे सगळे आधी आणि दुसऱ्याचे नंतर असं केलंत तर तुम्ही लॉटची नाही, आठ वाजताच्या आणि दहा वाजताच्या हवेची तुलना करताय. इथे १ ते २.५ मी/से चा वारा ‘आदर्श’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

वातकुक्कुट

बरोबर, तपासणीला शांत हवा. मी स्कोअरिंगबद्दल बोलत होतो.

बाकीच्या दिवशी जायचंच, पण काम वेगळं. समोरून डुलता वारा असेल त्या दिवशी स्कोअर लिहू नका. शॉट सोडण्याआधी ‘२ मिमी उजवीकडे’ असं म्हणा, मग मॉनिटर बघा. ४० शॉटमध्ये किती वेळा बाजू बरोबर आली तेवढंच मोजा. ऊन-सावलीच्या दिवशी आयरिसची सवय करा: ढग आला, भोक किती उघडलं, आघात सरकला का.

वहीत दर मालिकेला एवढं असू द्या: वेळ, तापमान, ऊन की मळभ आणि सूर्य कुठल्या बाजूला, १० आणि ३० मीटरच्या झेंड्यांची दिशा घड्याळाच्या आकड्यात आणि कोन, झळा उकळत्या की वाहत्या, आयरिस, रिंग, फिल्टर, मूळ झीरोपासूनचे क्लिक, आणि ग्रुपचा *मध्य* कुठे पडला. स्कोअर सगळ्यात शेवटी. झेंड्याचं चित्र शब्दांत लिहीत बसू नका, दोन रेघांत काढा. पंधरा-वीस सत्रांनंतर वही चाळून एकाच झेंडा-चित्राची पानं एकत्र ठेवा. क्लिकचे आकडे एक-दोनच्या फरकानं जुळले तर तुमच्या रेंजचा तक्ता तयार झाला. नाही जुळले तर आधी फ्रंट साइटचा स्क्रू आणि बेडिंगचे बोल्ट आवळून बघा, वाऱ्याला नंतर धरा.